योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर

महाराष्ट्राबाहेरच्या कोणत्याही मराठी मंडळाची जुनी सभासद-यादी चाळून पाहावी. रेल्वे, कापडगिरणी, पोलाद कारखाना, बँक, टपाल-तार, लष्करी हिशेब खाते, प्रयोगशाळा, अशा कोठल्या ना कोठल्या नोकरीनेच बहुतेक कुटुंबांना तेथवर आणलेले दिसते. गाव सोडून आलेल्या माणसाच्या आयुष्यात नोकरी देणाऱ्याचे स्थान फार मोठे असते. राहते घर त्याचे, दवाखाना त्याचा, मुलांची शाळाही पुष्कळदा त्याचीच. तो माणसे पारखणारा निघाला, तर परमुलूखही आपलासा वाटू लागतो. तो केवळ हजेरीपटावरचे आकडे पाहणारा असला, तर तीस-तीस वर्षे काढूनही माणूस तेथे पाहुणाच राहतो. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका कारखानदाराचे चरित्र सांगावे असे वाटले, ते याच कारणासाठी.

अलीकडे मोठ्या संस्थांतून या विषयाला शास्त्राचे रूप आले आहे. पूर्वी नोकरवर्गाचे खाते म्हणजे हजेरी, रजा, पगार आणि शिस्तभंगाची नोटीस, एवढाच अर्थ होता. आपल्या देशात १९७५ साली लार्सन अँड टुब्रो या कंपनीत प्राध्यापक उदय पारीक आणि प्राध्यापक टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने मनुष्यबळ विकासाचे स्वतंत्र खाते निघाले. पुढे १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील व्यवस्थापनशास्त्रज्ञांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. संस्थेला कोठे जावयाचे आहे हे ठरवितानाच तेथवर नेणारी माणसे कोणती, ती कशी निवडावी, कशी घडवावी आणि कशी टिकवावी याचाही विचार व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. या विचाराला धोरणात्मक मनुष्यबळ व्यवस्थापन असे भारदस्त नाव मिळाले. नाव नवे असले तरी व्यवहार अगदीच नवा नव्हे. निरुपयोगी माणूस जगात नसतो, त्याची योग्य ठिकाणी योजना करणारा मात्र दुर्मिळ असतो, अशा आशयाचे एक संस्कृत सुभाषित आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले जाते. त्यातल्या त्या दुर्मिळ योजकाचे दर्शन ज्यांच्या चरित्रात घडते, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर होत.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य शिल्पकार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचाही जन्म याच गावचा. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. अशा घरातल्या मुलाने शिकून-सवरून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळची रीत. लक्ष्मणाचे चित्त मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. त्याला ओढ होती चित्रांची आणि यंत्रांची. १८८५ साली तो मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. दोन वर्षे झाल्यावर ध्यानात आले की, त्याच्या डोळ्यांना काही रंगांतला भेद कळत नाही. चित्रकार होण्याची आशा तेथेच संपली.

दुसरा एखादा तरुण अशा वेळी हताश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांची रेखाकृती काढण्याचे शिक्षण त्यांनी पुरे केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकविण्याची नोकरी त्यांना मिळाली. शिकवीत असतानाच तेथील कर्मशाळेत ते यंत्रांशी झटत राहिले. पुढील साऱ्या आयुष्यात माणसांकडे पाहण्याची जी दृष्टी त्यांच्या ठिकाणी दिसते, तिचे मूळ येथे शोधता येईल. एका दारातून परत पाठविला गेलेला माणूस दुसऱ्या दाराने आत येऊन उत्तम काम करू शकतो, हे त्यांनी कोणा ग्रंथात वाचलेले नव्हते. स्वतःच्या अंगावर अनुभवले होते.

दुसरा धडाही त्यांना मुंबईनेच दिला. बढतीची वेळ आली तेव्हा हक्क लक्ष्मणरावांचा असूनही ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. काम पाहावयाचे नाही, जात-वंश पाहावयाचा, हा अपमान त्यांना सहन झाला नाही. १८९७ च्या सुमारास त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. ज्या गोष्टीमुळे आपल्याला नोकरी सोडावी लागली, ती गोष्ट आपल्या कारखान्यात कोणाच्याही वाट्यास येता कामा नये, असा निश्चय त्यांनी शब्दांत मांडला असो वा नसो, त्यांच्या आचरणात तो स्पष्ट दिसतो.

बेळगावात थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, यांच्यासह सायकलींचा धंदा अगोदरच सुरू झालेला होता. धाकटा भाऊ मुंबईहून सायकली पाठवी आणि थोरला त्या विकी, एवढेच नव्हे तर गिऱ्हाइकाला सायकलीवर बसावयासही शिकवी. लक्ष्मणराव परतल्यावर दुकानाचा कारखाना झाला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र निघाले, त्यामागून लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिले नांगर गिऱ्हाइकाची वाट पाहत दोन वर्षे पडून राहिले. परंतु लाकडी नांगरापेक्षा तो खोल जातो आणि पीक चांगले येते, हे एकदा दिसल्यावर मागणी वाढू लागली. कारखाना जरा कोठे पायावर उभा राहतो आहे, तोच नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी ती जागा हवी झाली आणि किर्लोस्कर बंधूंना जागा मोकळी करावयास सांगण्यात आले. नव्या जागेसाठी पैसा नव्हता. चाळिशी उलटलेल्या माणसावर संसार आणि कारखाना दोन्ही पाठीवर घेऊन निघण्याचा प्रसंग आला.

या संकटात औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. औंधमधील एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा त्या दरबाराशी संबंध आलेला होता. राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ हवी तेवढी जागा घ्या म्हणून सांगितले आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. बत्तीस एकरांचा तो माळ कसा होता? निवडुंगाने भरलेला, सापांनी गजबजलेला आणि पाण्यावाचून रखरखलेला. १० मार्च १९१० रोजी या माळावर किर्लोस्करवाडीचा मुहूर्त झाला.

येथे थोडे थांबून एका गोष्टीचा विचार करावा. लक्ष्मणरावांबरोबर त्या माळावर सुमारे पंचवीस कामगार आपापली बायकामुले घेऊन आले. बेळगावसारखे नांदते गाव, तेथली शाळा, बाजार, देवळे आणि नातलग सोडून ते आले. त्यांना मालकाने बांधून ठेवलेले नव्हते. बेळगावात दुसरे काम मिळाले नसते असेही नव्हे. तरीही ते आले. हवापाणी पाहून कोणी त्या उजाड माळावर गेले नसते; ज्याच्याबरोबर जावयाचे त्याच्यावर भरवसा होता म्हणूनच ते गेले. रुळांलगतच्या परक्या गावात प्रथमच सामान उतरविल्याची आठवण आपल्यापैकी ज्यांच्या आईवडिलांनी सांगितली असेल, त्यांना त्या पंचवीस घरांतील गृहिणींच्या मनात काय आले असेल, हे निराळे सांगावयास नको. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई त्यांच्याच बरोबरीने तात्पुरत्या छपरांखाली संसार मांडून राहिल्या. मालक आणि कामगार यांनी निवडुंग एकत्रच तोडला.

इंग्लंडात कॅडबरी कुटुंबाने बोर्नव्हिल येथे आणि लिव्हर बंधूंनी पोर्ट सनलाइट येथे कामगारांसाठी वसविलेल्या नगरांची माहिती लक्ष्मणरावांच्या वाचनात आलेली होती. तसेच काही आपल्याकडे व्हावे, ही त्यांची जुनी हौस. तेथील भांडवलाच्या मानाने येथील दहा हजार म्हणजे काहीच नव्हते. परंतु घरे, रस्ते, पाणी, शाळा, दवाखाना यांचा विचार कारखान्याच्या भट्टीबरोबरच सुरू झाला. धंदा जमल्यावर उरलेल्या पैशातून कामगारांसाठी काही करावे, असा तो क्रम नव्हता. चांगला माणूस माळावर टिकवावयाचा, तर त्याच्या घरच्यांनाही तेथे राहावेसे वाटले पाहिजे, हा व्यवहार लक्ष्मणरावांनी अचूक ओळखला होता.

आता त्या माळावरची माणसे पाहू. गाव वसविण्याचे आणि त्याचा कारभार पाहण्याचे काम रामूअण्णांकडे आले. शंभूराव जांभेकर यांचा हात कोणत्याही यंत्राला लागला की त्याचे दुखणे त्यांना कळे; ते वाडीचे अभियंता, यंत्रांचे वैद्य आणि अडल्या कामाचे तारणहार झाले. मंगेशराव रेगे यांच्याकडे कचेरी आणि हिशेब गेले. अनंतराव फळणीकर यांनी शिक्षण अर्धवट सोडलेले होते. त्यांच्यातून कल्पक यंत्रज्ञ तयार झाला. के. के. कुलकर्णी यांच्यापाशी कोणतीच खास विद्या नव्हती. परंतु पडेल ते काम निभावून नेण्याची हातोटी होती, आणि नव्या वसाहतीला अशा माणसाची निकड इतर कोणाहून कमी नसते. यांतल्या कित्येकांना पदवी-प्रमाणपत्र पाहून माणसे घेणाऱ्या कचेरीने दारातूनच परत पाठविले असते. लक्ष्मणरावांनी प्रत्येकाला काय येत नाही याची यादी केली नाही. काय येते, किंवा संधी दिल्यास काय येईल, एवढेच त्यांनी पाहिले आणि त्या जागी त्याची योजना केली.

सर्वांत धाडसाची योजना पहारेकऱ्यांची होती. उघड्या माळावर लोखंड, यंत्रे आणि बायकामुले. चोरांचे भय मोठे. या राखणीसाठी लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या, गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगून आलेल्या, दोघांना नेमले. या दोघांच्या नावांतच त्यांच्या जाती चिकटलेल्या आहेत. ज्या समाजात त्यांचा जन्म झाला, त्यांच्याकडे त्या काळी सरकार आणि गाव दोन्ही संशयानेच पाहत. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला काम नाही, काम नाही म्हणून भाकरी नाही आणि भाकरी नाही म्हणून पुन्हा गुन्हा, असे ते चक्र होते. लक्ष्मणरावांनी ते एका ठिकाणी तोडले. ज्यांच्यावर कोणी घराची किल्ली सोपविली नसती, त्यांच्यावर त्यांनी सबंध वाडीची रात्र सोपविली, आणि ते दोघेही विश्वासाचे राखणदार ठरले. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा तर नियमच होता. पुढे १९३९ साली याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंतींवाचूनची कैद्यांची वसाहत निघाली. माणसावर विश्वास टाकून त्याला माणसात आणण्याचे वारे त्या लहानशा संस्थानात कसे वाहत होते, याची कल्पना यावरून येईल.

या योजनेचे फळ धंद्यात दिसून आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड आणि कोळसा दुर्मिळ झाला, तेव्हा पर्याय शोधून कारखाना चालू ठेवणारी ही घरचीच माणसे होती. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची वार्ता सांगण्यासाठी निघालेल्या या पत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि ‘स्त्री’ व ‘मनोहर’ या मासिकांसह ते मराठी घराघरांत पोहोचले. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना या मासिकांची वाट पाहिल्याचे आठवत असेल. चित्रे आणि लेखणी यांची आवड असलेल्या तरुणालाही नांगराच्या कारखान्यात जागा असू शकते, हे ओळखणारा कारखानदार होता, म्हणूनच हे घडले.

नांगरामागून उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप अशी यंत्रे वाडीत तयार होऊ लागली. पुढची पिढी वाडीबाहेर पडली. हरिहर येथे यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचा, बंगळूरला विजेच्या यंत्रसामग्रीचा आणि पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा, असे कारखाने १९४१ ते १९४६ या काळात लक्ष्मणरावांच्या मुलांनी आणि सहकाऱ्यांनी उभारले. त्यांतील हरिहर आणि बंगळूर येथील कारखान्यांनी कितीतरी मराठी कुटुंबांना कन्नड मुलुखात नेऊन वसविले.

परंतु चरित्र सांगावयाचे तर सुखाचेच सांगून भागत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली. मारेकरी मराठी ब्राह्मण असल्याचे कळताच दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि दुकानांवर जमाव चालून गेले. त्या वणव्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळण्यात आला. ज्या वाडीने आपल्या कुंपणाच्या आत जातीला थारा दिला नव्हता, तिच्या मालकाची जात कुंपणाबाहेरचा जमाव विसरलेला नव्हता. लक्ष्मणरावांचे वय त्या वेळी अठ्ठ्याहत्तर होते. अडतीस वर्षांच्या श्रमांची राख पाहण्याचा हा प्रसंग कोणालाही कडवट करून सोडणारा होता. तरीही कारखाना तेथेच पुन्हा उभा राहिला आणि भट्ट्या पुन्हा पेटल्या. छप्पर आणि यंत्र आगीत जाते. चाळीस वर्षांत घडविलेल्या माणसांचे कसब आगीत जात नाही. लक्ष्मणरावांची खरी गुंतवणूक कोठे होती, हे त्या राखेतून जेवढे स्पष्ट झाले, तेवढे नफ्यातोट्याच्या पत्रकातून कधीच झाले नसते.

या प्रसंगातून आणखी एक बोध घ्यावा लागतो. एका भल्या मालकाने आपल्या हद्दीत केलेला न्याय हद्दीबाहेर आपोआप पसरत नाही. हद्दीच्या आतही त्याला मर्यादा असतात. पंचवीस माणसांना नावाने ओळखणारा मालक पाच हजारांना ओळखू शकत नाही. जेथे घर, शाळा आणि पगार एकाच हातात असतात, तेथे तो हात उदार असेतो सारे ठीक. तो बदलला म्हणजे कामगाराने कोणाकडे पाहावे? म्हणून कायदे लागतात, कामगार संघटना लागतात. याच १९४८ साली झालेल्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली गोष्ट त्यामुळे हक्काच्या कक्षेत आली, हे योग्यच झाले. मात्र कायदा खुर्ची निर्माण करतो. त्या खुर्चीत बसणाऱ्याला माणूस ओळखण्याची नजर तो देऊ शकत नाही. ती नजर लक्ष्मणरावांसारख्यांच्या चरित्रांतून घ्यावी लागते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कुंडल रोड या स्थानकाने किर्लोस्करवाडी हे नाव धारण केले. ज्या माळावर सापांच्या भीतीने माणूस उभा राहत नसे, तेथे गाडी थांबू लागली.

आपण प्रांताबाहेर आलो तेव्हा आपली भाषा, आपले आडनाव, आपले शिक्षण यांची पारख परक्या नजरांनी केली. कधी ती न्यायाची झाली, कधी झाली नाही. बढतीच्या वेळी डावलले गेल्याचे शल्य मुंबईच्या त्या तरुण शिक्षकाप्रमाणे आपल्यातल्याही काहींनी मुकाट्याने गिळले असेल. आज आपल्यापैकी अनेक जण, आणि आपली मुले-मुली, मोठ्या संस्थांत अधिकाराच्या जागी बसली आहेत. टेबलाच्या पलीकडे उभा असलेला माणूस आता दुसऱ्या प्रांताचा, दुसऱ्या भाषेचा, कदाचित अपुऱ्या शिक्षणाचा किंवा एखादी चूक करून बसलेला असतो. त्याच्या अर्जात काय कमी आहे, हे शोधणे फार सोपे. त्याच्यात काय आहे आणि ते कोठे उपयोगी पडेल, हे शोधावयास थोडा वेळ आणि पुष्कळ मोठे मन लागते. निवडुंगाच्या माळावर जाताना लक्ष्मणरावांपाशी हेच भांडवल होते. आपल्या मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांसाठी आपणही तेवढी शिदोरी बरोबर घ्यावी.